लॉन्ड्रीवालीचे कान

नवऱ्याच्या डाव्या गालावर वळ उठले होते. मार लागल्याचे नव्हेत. चादरीची चुणी गालाखाली येऊन माणूस गाढ झोपला की उठतात, तसे. डोळ्याखालून जबड्यापर्यंत एक तिरकी रेघ आणि तिला फुटलेल्या दोन बारीक फांद्या. तो दारात उभा राहून बूट काढत होता आणि बायको हातात पाण्याचा पेला घेऊन त्या रेघेकडे बघत राहिली होती.

घरी तो झोपत नसे. फौजेतून कायमचा परत येऊन त्याला चौदा महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तिनं त्याला झोपलेलं असं पाहिलंच नव्हतं. पडलेला असायचा, पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून. पण तिनं कूस बदलली की त्याचा श्वास अडखळायचा. खांद्याला हात लावायची तर सोयच नव्हती. सुरुवातीला एकदा तिनं सहज लावला, तर त्यानं मनगट असं पिरगळलं की आठवडाभर तिला लिहिता आलं नाही. नंतर तो ढसाढसा रडला. तेव्हापासून दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि ते कोणीच ओलांडलं नव्हतं.

आणि हा माणूस आज कुठेतरी गालावर रेघ उमटेपर्यंत झोपून आला होता.

“कुठे गेला होतास?”

“फिरायला.”

“झोप लागली होती का?”

“छे.” त्यानं पेला घेतला, तिची बोटं चुकवून.

रेघ मावळायला बावीस मिनिटं लागली. तिनं घड्याळ लावून पाहिलं. मापायची सवयच होती तिला. मंगळवारी तिची अर्धी पाळी असे, म्हणून तो परत येताना ती घरी सापडली होती. पुढच्या मंगळवारी ती मुद्दाम दारापाशी थांबली. या खेपेला वळ उजव्या गालावर होते.

ती कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घ्यायची. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे आणि काचेच्या अलीकडून एकेक बारीक सूर सोडायचा. ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. कुठला सूर कुठवर ऐकू येतो याचा आलेख काढायचा. सोळा वर्षं ती हेच करत होती. शांतता हा तिच्या कामाचा कच्चा माल होता.

त्यामुळेच घोटाळा झाला होता. फौजेतल्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर आजाराच्या लांबलचक नावाखाली शेवटची ओळ होती: ‘घरातील वातावरण शांत ठेवावे.’ दुसऱ्या कुणी याचा अर्थ भांडू नका असा घेतला असता. तिनं दवाखान्यातून ध्वनिमापक घरी आणला. खुर्च्यांच्या पायांना नमदा, म्हणजे जाड दाबलेली लोकर, लावला, दाराची घंटा काढली, कुकर माळ्यावर टाकला. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा घरघरायचा, तो बंद केला. नऊ वर्षांच्या मुलीला, जिला सगळे मुंगी म्हणत, टाचा उचलून चालायला शिकवलं. शेवटी घर बत्तीस डेसिबलवर आलं. तिच्या चाचणीच्या खोलीहून थोडंसंच जास्त. त्या आकड्याचा तिला अभिमान होता.

“वहिनी, तुझ्या घरात आलं ना, की वाटतं कुणीतरी गेलंय आणि मला कळवायचं राहिलंय,” नणंद म्हणायची. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि तिला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं.

वळांची गोष्ट तिनं नणंदेलाच सांगितली. नणंदेनं आधी हसू दाबलं.

“अगं, बायका शर्टावर लिपस्टिक शोधतात. तू झोपेचे वळ शोधतेस?”

“लिपस्टिक असती तर बरं झालं असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे समजलं असतं काय ते.”

नणंदेचं हसू गेलं. “दादा तसला नाही गं,” ती म्हणाली, पण म्हणताना दाराकडे बघत होती.

तिसऱ्या मंगळवारी दवाखान्यातून सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाआड उभी राहिली, आणि तो बाहेर पडल्यावर पन्नास पावलं मागे ठेवून चालू लागली. भिंतीच्या कडेनं चालत होता तो, प्रत्येक वळणावर क्षणभर थांबून. बस आगाराच्या मागे एक लॉन्ड्री होती, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. तिथे मात्र तो न थांबता आत शिरला, आपल्याच घरात शिरावं तसा.

समोर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती. उभं राहायला काहीतरी निमित्त हवं म्हणून तिनं घराची किल्ली त्याच्यासमोर टाकली. “अशीच एक दुसरी करून द्या.” मग ती लॉन्ड्रीच्या काचेकडे वळली. खालची अर्धी काच वाफेनं धुरकटली होती, वरच्या अर्ध्या भागातून सगळं दिसत होतं.

एक बाई होती. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत बाह्या वर केलेली. हातांवर इस्त्रीचे जुने डाग. सुंदर नव्हती, आणि हेच तिला जास्त लागलं. सुंदर असती तर कारण तरी मिळालं असतं. बाईनं यंत्रातून एक लांबरुंद चादर ओढली आणि न बघता तिची दोन टोकं पुढे केली. नवऱ्यानं ती पकडली. दोघं मागे सरकले, चादर ताणली, एक झटका दिला. मग एकमेकांकडे चालत आले. टोकांना टोकं जुळली, त्याची बोटं तिच्या बोटांवर टेकली, बाईनं टोकं घेतली, तो खाली वाकून घडी उचलायला गेला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एका चादरीला तीनदा बोटं भेटत होती. तिनं मोजलं. अकरा चादरी.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, ती खरंच खालून वर जाते, हे तिला त्या टपरीसमोर कळलं.

मग तो दोन यंत्रांच्या मधल्या बोळात गेला, भिंतीकडे तोंड करून जरा वेळ बसला, नंतर धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर आडवा झाला आणि भिंतीला पाठ लावून चार मिनिटांत झोपला. तोंड उघडं पडलं, हात बाजूला गळून पडला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो असा झोपायचा. बाईनं स्टूल ओढलं, बोळाच्या तोंडाशी ठेवलं आणि दाराकडे तोंड करून उशीच्या अभ्र्यांना बटणं लावत बसली.

“ताई, किल्ली,” टपरीवाला दुसऱ्यांदा म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी ते भांडले. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. शब्द तोंडातून निघेपर्यंत त्यांची धार जाते आणि मनात मात्र दुप्पट राहते.

“लॉन्ड्रीत झोपतोस तू.”

तिला कसं कळलं हे त्यानं विचारलं नाही. “हो.”

“तिथे बरी झोप येते?”

“येते.”

“आणि मी इथे चौदा महिने घरात सुई पडू देत नाही, ते कशासाठी?”

“तिथे ऐकावं लागत नाही,” तो म्हणाला.

तिच्या डोक्यात त्यातला फक्त ‘तिथे’ राहिला.

तो बराच वेळ टेबलाची कड चाचपत होता. मग म्हणाला, “वर एक खोली आहे. लॉन्ड्रीच्या. रिकामीच असते. त्या बाईंना विचारलंय मी. येत्या रविवारी तिथे राहायला जाईन म्हणतो.”

“राहायला?”

“मुंगीला भेटायला येत जाईन. रोज येईन. तुझ्यामुळे नाही हे.”

“मग कुणामुळे? मुंगीमुळे?”

शेजारच्या खोलीत मुंगी वही उघडी ठेवून बसली होती. तिनं पान उलटलंसुद्धा नाही.

गुरुवारी तिनं दवाखान्यातून दोन तासांची रजा काढली आणि धुतलेलेच पडदे पिशवीत कोंबून लॉन्ड्री गाठली. आत यंत्रांचा नुसता कल्लोळ होता. ती सवयीनं मनात म्हणाली, अठ्ठ्याऐंशी. नव्वदही असेल.

“पडदे!” ती ओरडली.

बाईनं पडदे हातात घेतले, हुंगले, आणि तिच्याकडे पाहून तेवढ्याच जोरात म्हणाली, “हे तर धुतलेत! तुम्ही फौजीच्या घरच्या ना? या, या वहिनी, बसा!”

‘वहिनी’ ऐकून तिचं आणखीच डोकं फिरलं. एक नणंद होती, तेवढी पुरे होती. नात्याच्या एका शब्दामागे माणसाला काय काय लपवता येतं!

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“आं?”

“कसं ओळखलंत?”

“तुमच्यासारखी चालते हो ती पोर. टाचा उचलून. एकदा आली होती बापाला शोधत.” बाई हसली. “मी म्हटलं, अगं पाय आपट जरा, जमीन काही मोडत नाही!”

मुंगी इथे येऊन गेली होती, आणि घरी तिनं ब्र काढला नव्हता. म्हणजे मुलगीसुद्धा. पण त्याच वेळी तिच्यातल्या दुसऱ्या बाईच्या, सोळा वर्षं काचेपलीकडे बसणाऱ्या बाईच्या, काहीतरी ध्यानात आलं. लॉन्ड्रीवाली तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. ओठांकडे बघत होती.

तिनं मुद्दाम तोंडावर हात धरला. “किती वर्षं आहात या धंद्यात?”

“आं? हात काढा हो, काय म्हणालात?”

“उद्या दवाखान्यात या,” हात काढून ती म्हणाली. “तुमचे कान तपासून देते. पैसे पडणार नाहीत.”

उपकार म्हणून तिनं हे केलं नव्हतं. तिला ती बाई आपल्या खोलीत हवी होती, आपल्या खुर्चीत, आपल्या काचेपलीकडे, आपण सोडू तेवढ्याच सुरावर अवलंबून.

बाई शुक्रवारी आली, चांगले कपडे घालून. हेडफोन लावताना तिचे केस बाजूला करावे लागले. मानेला साबणाचा वास होता. हाच वास नवऱ्याच्या शर्टाला यायचा. जाड दार लागलं.

याच खुर्चीत तिनं वर्षापूर्वी नवऱ्याला बसवलं होतं. बॉम्बगोळ्यांनी कान गेले असतील म्हणून तो हाकेला उत्तर देत नसेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिनं पहिला सूर सोडायच्या आधीच त्यानं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. ती गप्प बसून होती, एकही सूर जात नव्हता, आणि समोरचा दिवा सारखा लागत होता. दोन मिनिटांनी तो हेडफोन काढून घामेजलेला बाहेर आला आणि थेट रस्त्याला लागला. आलेखाच्या कागदावर तिनं नियमाप्रमाणे लिहिलं होतं: ‘निकाल विश्वसनीय नाही.’ आणि कागद फाइलला लावून टाकला होता.

लॉन्ड्रीवाली मात्र शहाण्या मुलीसारखी बसली होती. खालचे जाड सूर बरे ऐकले तिनं. वर जाता जाता दिवा लागेनासा झाला. चार हजार हर्ट्झच्या सुराला तर आलेख खड्ड्यात पडावा तसा खाली गेला. यंत्रांच्या आवाजानं कान जातात ते असेच.

तिनं बाईला बाहेर बोलावून समोर बसवलं आणि अगदी कामाच्या आवाजात, ओठ नीट हलवत सांगितलं, “तुम्हाला आवाज कळतो, पण बोलणं कळत नाही. यंत्रांजवळ तर काहीच नाही. गेलेलं परत येणार नाही. पण कानाचं मशीन लावलंत तर बोलणं ऐकू येईल. उरलेलं टिकावं म्हणून कामाच्या वेळी कानात बोळे घालायचे.”

सांगताना तिला बरं वाटत होतं. एवढं बरं वाटावं याची थोडी लाजही वाटत होती.

“म्हणजे गिऱ्हाईक काय बोलतं ते कळेल?”

“हो.”

“लेकीचा फोन?”

“तोही.”

बाई आलेखातल्या त्या खड्ड्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “अडचण एवढीच आहे, वहिनी, की मग फौजी बोलायचा थांबेल.”

“बोलतो?” तिचा आवाज चिरकला. “तो बोलतो तुमच्याशी?”

“माझ्याशी कुठे? भिंतीकडे तोंड करून बोलतो. घड्या घालून झाल्या की झोपायच्या आधी. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. पहिल्यांदा मला कळलंच नाही. खांदे हलताना दिसले, म्हटलं खोकतोय.”

“काय बोलतो?”

“मला काय ठाऊक? ऐकू येत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

आणि बाई मोठ्यांदा हसली. बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले.

चौदा महिने ती जिवाचे कान करून बसली होती. त्याच्या एका शब्दासाठी तिनं सगळ्या घराचा श्वास कोंडला होता. आणि त्यानं ते सगळं नेऊन ओतलं होतं कुठे, तर या खड्ड्यात, चार हजाराच्या सुरापाशी जिथे काहीच पोचत नव्हतं तिथे. रागावायचं तरी कुणावर? जी बाई ऐकतच नव्हती, तिचा हेवा कसा करायचा? पण तिनं केला. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा हेवा तिला त्या वेळी वाटला.

“त्याला माहीत आहे का? की तुम्हाला ऐकू येत नाही?”

“म्हणून तर बोलतो.” बाईनं पर्स उघडली, रुमाल काढला, पुन्हा ठेवला. “मशीन मला हवंय. लेकीसाठी तरी हवंय. पण दुपारी दोन ते चार मी ते डबीत काढून ठेवीन. त्याला तसं सांगा हवं तर. नाहीतर मीच सांगते.”

बाई गेल्यावर ती काचेशी बसून राहिली. पेन हातात होतं. ‘श्रवणशक्ती वयानुरूप’ असे दोन शब्द लिहिले असते तर बाई कधी मशीनच्या वाटेला गेली नसती. उलट मशीनचा तगादा लावला असता तर लॉन्ड्रीतला तो बोळ कायमचा बंद झाला असता. दोन्ही तिच्या हातात होतं. तिनं खरा अहवाल लिहिला, सही केली, आणि मग उठून रिकाम्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसली. दार लावून घेतलं.

आधी काहीच नव्हतं. मग कानात रक्त वाजू लागलं. मग कपड्याचा सळसळाट, घशातला आवंढा. मग असं वाटू लागलं की काहीतरी वाजलं, आत्ता, अगदी बारीक, आणि बटण दाबायला हवं होतं. तिचा अंगठा आपोआप हलला. दवाखान्यात ती हे रोज नव्या माणसाला सांगायची: आवाज नसला की कान तो शोधत बसतो, घाबरू नका. घरी कुणाला सांगावं असं तिला कधी सुचलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मुंगीला आत्याकडे पाठवलं. त्याची एक पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. साडेतीनला लॉन्ड्रीवाली खोली उघडून ठेवणार होती. तीन वाजत आले होते.

“तीनला निघतो,” तो म्हणाला.

“बरं.”

ती ओट्याकडे वळली आणि पंख्याचं बटण दाबलं. वर्षभर बंद ठेवलेला पंखा आधी कुरकुरला, मग खडखडला आणि मग जुन्या ट्रकसारखा घरघरू लागला. तिनं नळ पूर्ण सोडला. पाणी पातेल्यावर आदळू लागलं. मागे तो दचकून उभा राहिल्याचं तिला नुसतं कळलं. तिनं मान वळवली नाही. एकेक भांडं घेऊन घासत राहिली, मुद्दाम आपटत, तिला आवडत नव्हतं तरी.

तो जाईल असं तिला वाटलं. पावलं दाराकडे गेली. पिशवीपाशी थांबली. मग परत आली. खुर्ची ओढल्याचा आवाज नमद्यानं गिळला, पण खुर्ची करकरली ती ऐकू आली.

आणि मग तो बोलू लागला. हळू, एका सुरात, बहुधा भिंतीकडे तोंड करून.

साधा पंखा होता तो. लॉन्ड्रीच्या यंत्रांपुढे काहीच नाही. आणि कान तिचे होते. वाक्यातला एखादा शब्द पाण्यात जायचा, बाकी सगळे येत होते.

तो वायरलेसवर होता, हे तिला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. त्याच्या तुकडीतले तिघं पुढे, शत्रूच्या अगदी जवळ गेले होते. सेटवर नुसतं ऐकायचं, आपणहून हाक द्यायची नाही, असा हुकूम होता. तो कानाला हेडफोन लावून बसला होता आणि काहीच येत नव्हतं. नऊ मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला त्याला सहन झालं नाही. त्यानं बटण दाबलं. नुसती एक हाक. पलीकडे त्यांच्या सेटमध्ये खरखर झाली असणार. तिकडे सगळीकडे शांत होतं, आणि त्या शांततेत खरखर किती लांब जाते…

तिचे हात थांबले.

त्याचा आवाजही थांबला.

तिला कळलं की तो तिच्या पाठीकडे बघतोय. हात थांबलेले त्यानं पाहिले होते. खुर्ची पुन्हा करकरली. तो उठत होता. आता वळून त्याला धरावं, हे एवढंच तिला करायचं होतं. चौदा महिन्यांत तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

तिनं समोरचं धुतलेलं झाकण उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.

“काही म्हणालास का?” मान न वळवता ती ओरडली. “या पंख्यात मेलं काही ऐकू येत नाही!”

खुर्ची पुन्हा करकरली. तो परत टेकला होता.

“काही नाही,” तो म्हणाला.

“आं?”

“काही नाही, म्हटलं!”

लॉन्ड्रीवालीला हे किती सोपं होतं. बसायचं आणि बटणं लावायची. तिला मात्र खांदे सैल ठेवायचे होते, श्वास मोजून घ्यायचा होता, आणि एकेक शब्द आत घेऊन चेहऱ्यापर्यंत येऊ द्यायचा नव्हता. त्या बाईनं हे कितीदा तरी न ऐकता ऐकलं असेल, या विचारानं तिला पुन्हा तोच हेवा वाटला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. तिच्या पाठीमागे तो पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागला होता, या खेपेला त्या तिघांच्या नावांसकट. तिनं तेच झाकण विसळलं, उलटं केलं, आणि पुन्हा साबण लावला.